चाळीसचा ठसा

लिओना ब्रेकेनं उभ्या आयुष्यात एकदाच ठसा मारायचा टाळला, आणि तोही एका माणसानं गोड बोलून टाळायला लावला म्हणून.

टिंबर फोर्क हे मोंटानातलं डोंगराच्या कुशीतलं गाव. इथं घरागणिक बंदूक आणि माणसागणिक पिस्तूल. ती बिघडली की सगळी लिओनाच्या टेबलावर येतात. नवरा हार्लन वारला तेव्हा लोकांना वाटलं, आता दुकानाला कुलूप. कसलं कुलूप! तेराव्या दिवशी बाई ॲप्रन बांधून लेथपाशी उभी. पाटीवर नाव अजून हार्लनचंच आहे, पण त्याच्या हयातीतही बारीक काम हीच करायची, हे गावाला ठाऊक होतं.

हार्लनचा एक नियम होता. पिस्तुलाची नळी बदलून ते दुसऱ्या मापाचं केलं, की वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, कोरलेला जुना आकडा आडव्या रेघेनं मारायचा आणि शेजारी नवा ठोकायचा. त्याशिवाय पिस्तूल दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही. गिऱ्हाईक आमदार असो की पाद्री. नळी आत असते, आकडा बाहेर असतो, आणि काडतुसं आणायला निघालेला माणूस बाहेरचाच आकडा वाचतो. पस्तीस वर्षं लिओनानं हा नियम पाळला. काहीजण कुरकुरायचे, चांगल्या पिस्तुलाला ओरखडा कशाला म्हणायचे. ती म्हणायची, मग दुसरीकडे जा.

ऑगस्टात क्लेटन आला.

क्लेटन म्हणजे शाळेतल्या पोरांना कुस्ती शिकवणारा. गावात त्याच्याविषयी वाईट बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. दर थंडीच्या आधी गावातल्या एकट्या बायकांच्या दारात फोडलेली लाकडं आणून रचायचा, तीही अशी, की वरून पाणी ओतलं तरी आतलं लाकूड कोरडं राहावं. लिओनाच्या दारातही. त्यामुळं तो दारातून आत आला की तिचा चेहरा आपोआप सैल व्हायचा.

त्यानं आर्डिसचं, म्हणजे त्याच्या बायकोचं पिस्तूल आणलं होतं. चाळीसच्या मापाचं. ते नऊचं करून हवं होतं. चाळीसची गोळी जाड, नऊची बारीक. नवी नळी बाहेरून जुनीच्याच मापाची, फक्त आतलं भोक लहान. बाकी पिस्तूल तेच राहतं. काम तसं अवघड नव्हतं, पण लिओनाला नवल वाटलं. या भागात अस्वलांमुळं लोक बारीकचं जाड करून घ्यायला येतात, उलटं कुणी येत नाही.

शेगडीजवळच्या खुर्चीत ऑरिन बसला होता. ऑरिन लाकूडकटाईतून निवृत्त झालेला, सत्त्याहत्तर वर्षांचा. रोज सकाळी लिओनाची कॉफी फुकट पिऊन वर तिलाच नावं ठेवणं हा त्याचा उद्योग. तो म्हणाला, "नऊची कशाला? अस्वलाला गुदगुल्या करायच्यात का?"

क्लेटन मोकळेपणानं हसला. मग त्यानं सांगितलं. फेब्रुवारीत आर्डिस बर्फावर घसरली, मनगट मोडलं, ते लिओनालाही माहीत होतं. तेव्हापासून चाळीसचा झटका तिला सोसत नाही. पण पिस्तूल तिच्या वडिलांनी दिलेलं, शेवटची भेट. ते बदलू या म्हटलं तर ऐकणार नाही, मानी आहे. म्हणून गुपचूप करून ठेवायचं आणि सप्टेंबरअखेर तिच्या वाढदिवसाला सांगायचं, की बघ, तेच पिस्तूल, आता हाताला हलकं. म्हणून बाहेरून काही कळता कामा नये. ठसा नको. वाढदिवस झाला की मी स्वतः घेऊन येतो, मग ठोका हवा तेवढा मोठा.

लिओना नाही म्हणाली. आठवड्यानं पुन्हा आला, तेव्हाही नाही म्हणाली. तिसऱ्यांदा मात्र तिचं मन विरघळलं. खरं सांगायचं तर तिला आर्डिसचा हेवा वाटला. हार्लन भला माणूस, पण बायकोचा वाढदिवस त्याला उभ्या जन्मात लक्षात राहिला नाही. आणि इथं हा गडी बायकोच्या मनगटाची एवढी काळजी करतोय. चार-सहा आठवड्यांचा तर प्रश्न, ती मनाशी म्हणाली. तयार नळी मागवली तर तिच्यावर आकडा छापलेला येतो, म्हणून तिनं कोऱ्या नळीतून स्वतःच्या हातानं नवी घडवली.

सोळा तारखेला क्लेटन सकाळीच पिस्तूल घेऊन आला आणि दुपारी चारपर्यंत तिथंच बसून राहिला. सोबत डोनटचा खोका आणलेला. ऑरिनशी गप्पा मारल्या, शेगडी साफ करून दिली. शस्त्र रात्रभर दुकानात राहिलं तरच ते दुकानाच्या नोंदवहीत चढतं, त्याच दिवशी परत गेलं तर लिहावं लागत नाही. लिओनाला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. मागच्या अंगणातल्या वाळूच्या पेटीत तिनं नऊची तीन काडतुसं उडवून पाहिली, नळी झकास बसली होती. जुनी नळी क्लेटननं मागून घेतली, आठवण म्हणून. नऊच्या काडतुसांचा डबा तिनं पुढं केला तर म्हणाला, घरी आहेत.

तो गेल्यावर लिओना बराच वेळ हात पुसत उभी राहिली. स्लाइडवरचं ते कोरं, स्वच्छ चाळीस तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण खोटं बोलून बसलोय असं तिला वाटत राहिलं, आणि ऑरिननं शेवटचा डोनट खाल्ला म्हणून ती त्याच्यावर विनाकारण डाफरली.

सप्टेंबर संपला. क्लेटन ठसा मारून घ्यायला आला नाही. एकदा किराणा दुकानात भेटला तेव्हा तिनं विचारलं, तर म्हणाला, पोरांच्या स्पर्धा चालू आहेत, येतो सवडीनं. त्यानं तिची पिशवी उचलून गाडीत ठेवली. तिला वाटलं, आपणच उगाच मागं लागतोय.

ऑक्टोबरात डोंगरमाथा पांढरा झाला. एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम शनिवारी सुरू व्हायचा होता आणि गुरुवारी सकाळी आर्डिस दुकानात आली.

आर्डिसला लिओना लहानपणापासून ओळखत होती, तिची आई लिओनाची मैत्रीण. पोरगी उंचीनं बापावर गेलेली आणि हसायला लागली की रस्त्यापलीकडं ऐकू जायचं. बापानं बाराव्या वर्षी हातात बंदूक दिली आणि सोबत एक शिस्तही दिली, की काडतुसांचं मॅगझीन भरलेलं, पण नळी कायम रिकामी. त्याचा एक भाऊ घरातच भरल्या नळीमुळं गेला होता. आर्डिसनं ती शिस्त कधी मोडली नाही. पिस्तूल उशाशी असायचं, पण पहिलं काडतूस नळीत जायचं ते स्लाइड मागं ओढल्यावरच. हल्ली ती निशाणा लावायच्या मैदानावर दिसत नसे. मनगटामुळं असेल, असं लिओना धरून चालली होती.

आज ती हसली नाही. "लिओना मावशी, चाळीसचा एक डबा दे," एवढंच म्हणाली.

लिओनाचा हात सवयीनं मागच्या फळीकडं गेला आणि हवेतच थांबला.

तिनं विचारलं, वाढदिवस कसा झाला. छान, आर्डिस म्हणाली, क्लेटननं कोट दिला. आणखी काही? नाही, कोटच. काचेतून बाहेर ट्रक दिसत होता. इंजिन चालू, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून क्लेटन दुकानाकडंच बघत बसलेला. लिओनानं विचारलं, निघालात कुठं? आर्डिस म्हणाली, शिकारीच्या कॅम्पला. पंधरा वर्षांत कधी नेलं नव्हतं, दरवेळी शाळेतल्या पोरांना घेऊन जायचा. यंदा म्हणतो, दोघंच जाऊ. वर ब्लॅकटेल डोंगराच्या पलीकडं, नऊ दिवस. फोन लागत नाही तिथं. अस्वलं आहेत म्हणून माझं पिस्तूल बरोबर घेतलंय, फक्त काडतुसं जुनी झालीत, नवी घे म्हणाला.

क्लेटननंच सांगितलं होतं. चाळीसचा डबा घे म्हणून.

"पिस्तूल दाखव बघू मला," ती म्हणाली.

"ट्रकमध्ये आहे. त्याच्या पिशवीत."

आता इथं सरळ सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं? तुझ्या नवऱ्यानं तुला न सांगता पिस्तूल बदललं आणि ते बदललं मी? आणि समजा, त्या माणसाच्या मनात काहीच नसेल, भेट द्यायची राहूनच गेली असेल, वर कॅम्पला गेल्यावर सांगणार असेल? अजूनही तिला त्याच्याबद्दल चांगलंच वाटून घ्यायचं होतं, कारण वाईट निघालं तर त्या वाइटात तिचाही हात होता. म्हणून ती भलतंच बोलून बसली. म्हणाली, चाळीसची संपलीत.

तिच्या पाठीमागं फळीवर चाळीसचे सात डबे ओळीनं मांडलेले होते.

आर्डिसनं त्या डब्यांकडं पाहिलं, मग लिओनाकडं पाहिलं. ही तर समोर आहेत, असंही ती म्हणाली नाही. नवऱ्यानं सांगितलेलं काम झालं नाही, आता काय होईल, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. "बरं," म्हणाली आणि गेली.

"डोळे गेले का तुझे?" ऑरिन शेगडीपासून म्हणाला. "म्हातारी झालीस बाई तू."

लिओनानं त्याला ऑगस्टातल्या त्या नऊच्या नळीची आठवण करून दिली आणि आपण ठसा मारला नाही तेही सांगितलं. ऑरिननं कप खाली ठेवला. मनगटाचं, ठशाचं, कोटाचं, नऊ दिवसांचं, सगळं त्यानं एकापुढं एक लावलं असावं, कारण पुढची चेष्टा त्याच्या तोंडून आली नाही. "अस्वल आलं काय आणि माणूस आला काय," तो हळू म्हणाला, "पोरगी स्लाइड ओढणार आणि ती अर्ध्यात अडकणार."

तेवढ्यात दार उघडून क्लेटन आत आला. बूट पायपुसण्यावर नीट घासले. ऑरिनला मान हलवून नमस्कार केला.

"आर्डिस म्हणते चाळीसची नाहीत," तो म्हणाला. "ही काय, आहेत की."

"क्लेटन, ते पिस्तूल नऊचं आहे."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. नळी मी बसवली."

"वर तर चाळीस लिहिलंय, लिओना." त्याचा आवाज तसाच गोड, समजूत काढणारा. "तुम्ही नळी बदलता तेव्हा ठसा मारता, सगळ्या गावाला माहीत आहे. यावर ठसा नाही. वहीत तरी आहे का?"

लिओनाला कळलं, की हा माणूस त्या दिवशी सकाळपासून चारपर्यंत इथं कशासाठी बसला होता. शेगडी साफ करत, डोनट वाटत. भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त शरम वाटली.

क्लेटन टेबलावर वाकला. "उद्या काही वाईट झालं तर लोक काय म्हणतील? ब्रेकेबाईनं ठसा न मारता पिस्तूल बाहेर सोडलं. पाटीवर हार्लनचं नाव आहे. दे तो डबा."

तुम्हीचं तू झालेलं तिच्या कानाला लागलं. खोटं कशाला बोला, एक क्षणभर तिला पाटी दिसली. त्या पाटीखाली काढलेली वर्षं दिसली, गाव काय म्हणेल तेही दिसलं. एकच क्षण, पण दिसलं. मग तिनं फळीवरून डबा काढला. क्लेटननं हात पुढं केला. त्याच्या हाताकडं न बघता ती टेबलाला वळसा घालून, कोट न घालता, डबा घेऊन सरळ दाराबाहेर गेली.

क्लेटन मागून निघाला, पण धावला नाही. गुरुवारची सकाळ, मोसमाच्या तोंडावर अर्धं गाव रस्त्यावर होतं, आणि रस्त्यावर तो भला माणूस होता. ऑरिन मात्र काठी टेकत कधी नव्हे ते भराभर चालला आणि ट्रकच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "इंजिन बंद करा रे, धुरानं डोकं उठलंय माझं."

लिओनानं आर्डिसच्या बाजूचं दार उघडलं. "पिस्तूल काढ."

"लिओनाचं वय झालंय," क्लेटन मागून म्हणाला, आणि तो हसत होता. "सकाळपासून गोंधळलीये बिचारी. आर्डिस, दार लाव, उशीर होतोय."

आर्डिसनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा लिओनाकडं. लिओना थंडीनं कापत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या बाईला आर्डिसनं हार्लनच्या दफनाच्या दिवशीही रडताना पाहिलं नव्हतं. तिनं मागच्या सीटवरची पिशवी ओढली आणि पिस्तूल काढून दिलं. लिओनानं मॅगझीन उतरवलं, स्लाइड मागं अडकवून नळी उघडी केली, डब्यातलं एक काडतूस काढलं आणि पिस्तूल अन् काडतूस दोन्ही आर्डिसच्या हातात दिली.

"बोटानं ढकल आत. माझ्यावर विश्वास ठेवू नको, त्याच्यावर ठेवू नको. तू स्वतः बघ."

आर्डिसनं काडतूस नळीच्या तोंडाशी धरलं आणि ढकललं. टोक तेवढं आत गेलं आणि अडकलं. तिनं ते काढून फिरवून पाहिलं, पुन्हा ढकललं. वीस वर्षं जे पिस्तूल तिनं खोललं, पुसलं, भरलं, ते आज काडतूस आत घेईना. तिसऱ्यांदा तिनं अंगठा पांढरा पडेपर्यंत जोर लावला. मग थांबली.

रस्त्यापलीकडं किराणा दुकानाच्या पायरीवर चार-पाचजण उभे राहून बघायला लागले होते. क्लेटननं ट्रकच्या दारावर ठेवलेला हात काढून घेतला.

"कधी?" आर्डिसनं विचारलं. तिनं लिओनाला विचारलं, नवऱ्याकडं मान वळवली नाही.

"सोळा ऑगस्टला. माझ्याच हातानं. तो म्हणाला, तुला वाढदिवसाची भेट आहे, आणि मी ठसा मारला नाही. पोरी, मी मूर्ख..."

आर्डिस ऐकत नव्हती. ती मनात काहीतरी मोजत होती. तारखा असाव्यात, कारण तिचे ओठ हलत होते. मग ती ट्रकमधून खाली उतरली. क्लेटन तिचं नाव घेऊन काहीतरी बोलला, ऑरिननं काठी आडवी धरली, आणि ती दोघांच्या मधून दुकानात गेली. लिओनानं ऑरिनला आत घेऊन कडी लावली आणि शेरीफच्या कचेरीत फोन केला. बाहेर ट्रकचं दार आपटलं, चाकं खडीवर घसरली आणि आवाज डोंगराच्या बाजूनं गेला.

शेरीफचा माणूस यायला वीस मिनिटं लागणार होती. लिओनानं आर्डिसला शेगडीजवळ बसवलं, कॉफी दिली. ती काही पीत नव्हती. लिओना तिच्यासमोर जमिनीवरच बसली. जे मनात होतं तेच बोलली, की मी ठसा मारला असता तर तुला त्याच दिवशी कळलं असतं.

"बारा सप्टेंबरला मी हे पिस्तूल त्याच्यावर रोखलं होतं," आर्डिस म्हणाली.

लिओनानं हिशेब केला, नळी बदलून तेव्हा चार आठवडे होत आले होते.

"स्वयंपाकघरात. तो दारात होता. मी म्हटलं, आता एक पाऊल पुढं टाकलंस तर मारीन. आणि मावशी, मी मारणार होते. त्या दिवशी मी खरंच मारणार होते." तिचा आवाज अगदी सपाट होता, गावातल्या कुणाची तरी बातमी सांगावी तसा. "तर तो हसला. त्यानं शर्टाची बटणं काढली, छाती उघडी केली आणि म्हणाला, मार. आणि चालत आला. हात खाली सोडून, हळूहळू, पार माझ्यापर्यंत. माझ्याच्यानं स्लाइड ओढवेना. मला वाटलं, ज्या माणसाला मी राक्षस समजले, तो माझ्या हातून मरायलासुद्धा तयार आहे. एवढा जीव लावतो, आणि मीच वेडी झालेय."

शेगडीत लाकूड कोसळलं. ऑरिन दाराकडं तोंड करून उभा होता, तो वळला नाही.

"रात्री मी गुडघ्यावर बसून त्याची माफी मागितली," आर्डिस म्हणाली. "त्यानं मला उठवलं, डोळे पुसले आणि म्हणाला, यंदा कॅम्पला आपण दोघंच जाऊ."